मणक्यातली हिरवट गाठ आणि साफ निघालेलं रक्त : मायलॉइड सार्कोमाबद्दल

गोदाकाठ

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय. हा धागा काढतेय, कारण मागच्या नोव्हेंबरात रात्र रात्र मोबाइलवर मराठीत शोधत होते आणि या आजाराबद्दल धड चार ओळी हाती लागल्या नव्हत्या. पुढच्या माणसाला निदान हा धागा तरी सापडावा.

माझा दादा, वय ४६, निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. ऑक्टोबर छाटणी चालू असताना त्याची पाठ धरली. छाटणीत पाठ धरतेच, म्हणून शेक, मलम, गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन, असं तीन आठवडे चाललं. मग एका संध्याकाळी तो बागेतून घरी आला तो एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे पडली ते त्याला कळलंच नव्हतं. वहिनीने पाय धुवायला पाणी दिलं, तर ते गरम आहे की गार हे डाव्या पायाला समजेना. रात्रीच नाशिकला नेलं. एमआरआयमध्ये छातीमागच्या मणक्यांत मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर गाठ दिसली, रज्जू चेपला गेला होता. पहाटे ऑपरेशन झालं.

सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "जेवढी निघाली तेवढी काढलीय, रज्जू मोकळा केलाय. जरा हिरवट होती, तपासायला पाठवतोय." आम्ही तो शब्द ऐकला आणि सोडून दिला.

रक्ताचा रिपोर्ट अगदी सरळ. हिमोग्लोबिन १३, पांढऱ्या पेशी ७ हजार, प्लेटलेट सव्वादोन लाख. आठवड्याने गाठीचा रिपोर्ट आला, त्यात बी पेशींचा लिम्फोमा लिहिलेला. त्याच्या केमोची तारीखही मिळाली. आमचा एक मावसभाऊ मुंबईला लॅबमध्ये आहे. तो म्हणाला, ताई, केमो चार दिवस थांबव, गाठीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड घेऊन ये, इथे परत वाचून घेऊ. त्या चार दिवसांचे अकरा झाले आणि दुसरा रिपोर्ट आला : मायलॉइड सार्कोमा. म्हणजे रक्ताचा कर्करोग, ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (एएमएल), पण रक्तात आणि मॅरोत, म्हणजे हाडातल्या मज्जेत, न दिसता मणक्यात गाठ होऊन बसलेला.

मग मॅरो काढला. ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, ३ टक्के, निरोगी माणसासारख्याच. (एक गोष्ट सांगून ठेवते. मज्जारज्जू वेगळा आणि हाडातली अस्थिमज्जा वेगळी. आमच्या घरात दोन्ही 'मज्जा' एक समजून आठवडाभर गोंधळ चालला होता. गाठ रज्जूवर होती, आजाराचं मूळ हाडातल्या मज्जेच्या पेशींचं.)

गाठ निघाली, रक्त साफ, मॅरो साफ, मग काळजी कसली, असं आम्हालाही वाटलं. हा समज जिवावर बेतणारा आहे. तेवढ्यासाठीच लिहायला बसले.

पिंपळपान

ताई, वाचून अंगावर काटा आला. दादांना लवकर आराम पडो. पण खरंच विचारतो, माझ्याही डोक्यात तोच प्रश्न आला. गाठ काढून टाकली आणि मॅरोत काही नाही, तर ल्युकेमियाची एवढी जड केमो द्यायची कशाला? रेडिएशन देऊन भागत नाही का?

गोदाकाठ

आम्ही हेच विचारलं होतं. डॉक्टरांनी कागद ओढून घेतला आणि त्यावर एक झाड काढलं. म्हणाले, "ही गाठ म्हणजे फळ. झाड तुम्हाला दिसत नाहीये, पण फळ आलंय म्हणजे झाड आहे." एकटी गाठ असलेल्यांना नुसतं ऑपरेशन किंवा नुसतं रेडिएशन दिलं, तर बहुतेकांना काही महिन्यांत, साधारण वर्षाच्या आतच, उघड ल्युकेमिया होतो. म्हणून मॅरोत ब्लास्ट कितीही कमी असले तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गाठीला एएमएलच धरतात आणि उपचारही एएमएलचेच करतात. एरवी एएमएल म्हणायला ढोबळमानाने २० टक्के ब्लास्ट लागतात, इथे ती अट नाही.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सरकारी नोकरीतून निवृत्त. गोदाकाठताई, तुमचा धागा दोनदा वाचला. त्या 'हिरवट' शब्दावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

या गाठीचं सर्वांत जुनं वर्णन ॲलन बर्न्स यांनी १८११ मध्ये केलं. १८५३ मध्ये किंग यांनी तिला क्लोरोमा म्हटलं, ते या हिरव्या रंगामुळेच. ग्रीक भाषेत क्लोरोस म्हणजे हिरवट. हा आजार ल्युकेमियाच्या घरातला आहे हे लक्षात यायला आणखी चाळीस वर्षं गेली, १८९३ मध्ये डॉक यांनी ते नातं दाखवलं. हिरवेपणा येतो मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइममुळे. पू हिरवट दिसतो तोही याच एन्झाइममुळे. गाठ उघड्यावर राहिली की रंग उतरतो, आणि आमच्या टेबलावर फॉर्मॅलिनच्या बरणीतून येते तेव्हा तर ती इतर गाठींसारखीच मळकट दिसते. सगळ्याच गाठी हिरव्या असतात असंही नाही. पण सर्जनने रंग पाहिला असेल तर त्याने तो फॉर्मवर लिहायला हवा. आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर बहुतेक वेळा 'मणक्यातील गाठ, निदान करावे' एवढंच असतं.

आता चूक कशी होते ते. जुन्या अभ्यासांत एकट्या गाठीचं पहिलं निदान जवळपास निम्म्या रुग्णांत चुकलेलं आढळतं, आणि ते बहुधा लिम्फोमाच्या बाजूला चुकतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पेशी गोल, एकसारख्या, दाटीवाटीने बसलेल्या दिसतात. फरक मार्करवर, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या प्रथिनांवर कळतो. ताई, तुमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये कोणते मार्कर होते ते टाकाल का? मला एक शंका आहे.

गोदाकाठ

फाइल समोरच आहे. पहिला रिपोर्ट : एलसीए पॉझिटिव्ह, सीडी २० निगेटिव्ह, सीडी ३ निगेटिव्ह, पॅक्स ५ फिकट पॉझिटिव्ह, सीडी ४३ पॉझिटिव्ह. दुसऱ्या रिपोर्टमध्ये मायलोपेरॉक्सिडेज पॉझिटिव्ह, सीडी ११७ पॉझिटिव्ह, सीडी ३४ पॉझिटिव्ह. शिवाय फिश तपासणीत ८ आणि २१ या गुणसूत्रांची अदलाबदल सापडली.

सूक्ष्मदर्शी

हीच शंका होती. पॅक्स ५ हा बी पेशींचा मार्कर, तो थोडा जरी रंगला तरी हात आपोआप 'बी पेशींचा लिम्फोमा' लिहायला जातो. पण ८ आणि २१ च्या अदलाबदलीच्या एएमएलमध्ये पॅक्स ५ आणि सीडी १९ हे बी पेशींचे मार्कर बरेचदा उगवतात. पेशी मायलॉइड, कपडे बी पेशीचे. आणि याच प्रकारच्या एएमएलमध्ये अशा गाठी जास्त होतात. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथेच फसगतही जास्त.

दुसरा सापळा सीडी ४३ चा. तो टी पेशींत असतो तसा मायलॉइड पेशींतही असतो. सीडी ३ नाही, सीडी २० नाही आणि सीडी ४३ मात्र लख्ख, असं चित्र दिसलं की पुढचा रंग (मार्कर दिसावा म्हणून स्लाइडवर लावतात तो) मायलोपेरॉक्सिडेजचा लावायचा, आणि सोबत सीडी ११७, सीडी ६८, लायसोझाइम. मी विद्यार्थ्यांना हे पाठच करायला लावायचो. लहान शहरातल्या लॅबमध्ये प्रत्येक रंगाला पैसे लागतात, नातेवाईक आधीच मेटाकुटीला आलेले असतात, म्हणून चार-पाच रंगांवर काम भागवतात. मला त्या लॅबला दोष द्यायचा नाही. पण निदान जुळत नसेल तर 'लिम्फोमा' लिहिण्याऐवजी 'पुढील मार्कर आवश्यक' एवढं लिहायला पैसे लागत नाहीत.

रानजाई

आमच्याकडे हिरड्यांपासून सुरुवात झाली. मिस्टरांच्या (५२) हिरड्या इतक्या सुजल्या की दात अर्धे झाकले गेले. ब्रश लागला की रक्त. आम्ही दाताच्या डॉक्टरांकडे गेलो, वाटलं साफ करून देतील. त्या मॅडमनी हातही लावला नाही. म्हणाल्या आधी सीबीसी करून या, आत्ताच. पांढऱ्या पेशी ८६ हजार. मोनोसाइटिक प्रकारचा एएमएल निघाला. त्यांनी त्या दिवशी हिरडी कापली असती तर रक्त थांबवता आलं नसतं. आज तीन वर्षं झाली, मिस्टर बरे आहेत. त्या मॅडमना दर दिवाळीला फराळ नेऊन देतो.

सूक्ष्मदर्शी

रानजाईताई, फार मोलाचं लिहिलंत. मोनोसाइटिक पेशींचा स्वभावच हिंडण्याचा. निरोगी मोनोसाइटचं कामच मुळी रक्तातून ऊतींत शिरायचं असतं, कर्करोग झाला तरी ती खोड जात नाही. म्हणून हिरड्या, त्वचा आणि मेंदूभोवतीचं पाणी या जागा त्या प्रकारात आधी बघायच्या. पेशींवर सीडी ५६ असेल तरीही मॅरो सोडून बाहेर घर करण्याची प्रवृत्ती जास्त दिसते.

पिंपळपान यांनी मला निरोपातून विचारलंय की हे किती जणांना होतं. आकडा तुम्ही कशाला मोजता यावर अवलंबून आहे. बायॉप्सीने सिद्ध झालेली खरी गाठ धरली तर पुस्तकांत एएमएलच्या २.५ ते ९ टक्के रुग्णांचा उल्लेख असतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या सहकारी गटाने आपल्या अनेक चाचण्यांमधले ३,५२२ रुग्ण एकत्र तपासले आणि ते २०१६ मध्ये छापून आलं. त्यांनी सुजलेल्या लसिका गाठी, प्लीहा, यकृत, त्वचा, हिरड्या सगळंच मोजलं, तेव्हा जवळपास २४ टक्के रुग्णांत मॅरोबाहेर काही ना काही होतं. त्वचा आणि हिरड्या प्रत्येकी साडेचार टक्क्यांच्या आसपास, मेंदू एक टक्क्याच्या आसपास. आणि धीर देणारी गोष्ट अशी की वय, पांढऱ्या पेशींचा आकडा, गुणसूत्रं हे सगळं हिशोबात धरल्यावर, मॅरोबाहेर आजार आहे एवढ्याच कारणाने निकाल वेगळा लागत नव्हता. म्हणजे गाठ दिसली म्हणून आशा सोडायचं कारण नाही. त्यामागे कोणती गुणसूत्रं आणि कोणती म्युटेशन आहेत ते बघायचं.

माणदेशी

माझ्या ओळखीचे एक वैद्य आहेत, रक्ताच्या आजारावर काढा देतात. पत्ता हवा असेल तर निरोप करा. कुणाचं भलं व्हावं हीच इच्छा.

गोदाकाठ

माणदेशी दादा, तुमची माया कळते. आमच्याकडेही मामांनी काढा आणला होता. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी हात जोडून नको म्हटलं. केमोत काउंट पडतात तेव्हा पांढऱ्या पेशी शंभरावर येतात, त्या दिवसांत पालापाचोळ्यातून गेलेली एखादी बुरशीही फुप्फुसात बसू शकते. यकृतावर आधीच औषधांचा भार असतो. म्हणून आम्ही थांबवलं. उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न, सालीसकट खायची फळं बंद. आपल्याच बागेतली द्राक्षं घरात असून दादाला देता आली नाहीत, त्याचं वहिनीला फार लागलं.

कुणीतरी उपचारांबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. पहिल्या फेरीला सगळे 'सेव्हन प्लस थ्री' म्हणतात. सायटाराबिन सात दिवस, चोवीस तास ठिबकत, आणि त्यातले पहिले तीन दिवस डाउनोरुबिसिन. ते औषध लालभडक असतं, लघवीही लाल होते. आधी सांगितलं नव्हतं, दादा घाबरून ओरडला होता. आधी टूडी एको करतात, कारण ते हृदयावर येतं. महिनाभर वॉर्डात काढला. प्लेटलेटसाठी गावातली बारा पोरं द्राक्षांच्या पिकअपमधून मुंबईला आली, त्यातल्या सात जणांच्या शिरा मशीनला चालल्या. एसडीपीसाठी (मशीनवर एकाच दात्याच्या प्लेटलेट काढतात त्यासाठी) माणूस नेताना आधी त्याचे हात दाखवून घ्या.

पुढच्या फेऱ्यांत सायटाराबिनचा मोठा डोस, दिवसातून दोनदा, एक दिवसाआड. हे औषध डोळ्यांना आणि लहान मेंदूला त्रास देऊ शकतं. डोळ्यांत थेंब चालू असतात. आणि प्रत्येक डोसआधी सिस्टर दादासमोर वही धरायच्या : "काका, नाव लिहा." अक्षर वाकडं आलं तर डोस थांबवायचा. दादाचं अक्षर मुळातच कोंबडीच्या पायांचं, म्हणून सिस्टरांनी पहिल्याच दिवशीचं पान जपून ठेवलं होतं, त्याच्याशी जुळवून बघायच्या. दर वेळी त्याने आपलं नाव लिहिलं, मधल्या फेरीला एक डोस चुकला तेवढाच. ती वही मी मागून घरी आणलीय.

रज्जूजवळचा काही भाग ऑपरेशनमध्ये निघाला नव्हता, तिथे नंतर रेडिएशन दिलं. १२ बैठका, एकूण २४ ग्रे. या पेशी रेडिएशनला चटकन वितळतात, म्हणून इतर गाठींइतका मोठा डोस लागत नाही. पाठीच्या पाण्याचीही तपासणी झाली, ते स्वच्छ निघालं.

खर्चाचं थोडक्यात सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली बरंच झालं. दाखल व्हायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवा, आणि रिपोर्टवर नेमकं निदान काय लिहिलंय ते बघा. आमच्या पहिल्या कागदावर लिम्फोमा आणि दुसऱ्यावर ल्युकेमिया असल्याने मंजुरी अडकली होती. डॉक्टरांचं एक पत्र लागलं.

अबोली_न

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या ताईला एएमएल होता, वय ३८. भावाच्या मॅरोने ट्रान्सप्लांट झालं. चौदा महिने उत्तम गेले. मग छातीत गाठ लागली. जवळच्या दवाखान्यात सांगितलं की साधी गाठ आहे, या वयात होते, सहा महिन्यांनी दाखवा. ताईनेही मनावर घेतलं नाही, कारण नुकताच मॅरो तपासला होता आणि त्यात शंभर टक्के पेशी भावाच्या होत्या. म्हणजे ट्रान्सप्लांट पक्कं बसलेलं. आम्ही पेढे वाटले होते.

ती गाठ ल्युकेमियाची निघाली. पेट स्कॅनमध्ये आणखी दोन जागी होती. डॉक्टरांनी समजावलं की भावाच्या पेशी मॅरोत राखण करतात, तिथे ल्युकेमियाला डोकं वर काढू देत नाहीत, पण बाहेरच्या ऊतींत तेवढा पहारा पोचत नाही. म्हणून ट्रान्सप्लांटनंतर आजार परततो तेव्हा कधी कधी असा बाहेरूनच येतो आणि मॅरो साफ राहतो. रेडिएशन दिलं, ॲझासायटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स दिलं, भावाच्या लिम्फोसाइट दिल्या. आठ महिने मिळाले. ताई मागच्या श्रावणात गेली.

ज्यांच्या घरी ट्रान्सप्लांट झालंय त्यांना हात जोडून सांगते. महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी स्वतःचं अंग चाचपून बघा. छाती, काखा, जांघा, पुरुषांनी वृषणंही. त्वचेवर न दुखणारा जांभळट उंचवटा आला, डोळा पुढे आला, पाठ दुखून पाय जड झाले, तर मॅरोचा रिपोर्ट चांगला आहे म्हणून घरी बसू नका. आपल्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनाच दाखवा, जवळच्या दवाखान्यात नाही.

गोदाकाठ

अबोली, तुम्ही लिहिलंत ते वाचून रडले. दादाचं ट्रान्सप्लांट करायचं की नाही यावर सध्या आमच्याकडे बोलणी चालू आहेत आणि मला हे माहीत नव्हतं. ८ आणि २१ ची अदलाबदल एरवी चांगल्या गटात मोडते, नुसत्या केमोवरही पुष्कळ जण बरे होतात. पण त्या अभ्यासांतले बहुतेक रुग्ण मॅरोतल्या आजाराचे, गाठवाले थोडे. त्यामुळे दोन मोठ्या डॉक्टरांची दोन मतं पडली. एक म्हणतात केमो पूर्ण झाली, पेट साफ, म्हणजे नजर ठेवू. दुसरे म्हणतात पहिल्या रिमिशनमध्येच, म्हणजे आजार दबलेला असतानाच, ट्रान्सप्लांट करून घ्या. माझं एचएलए (ट्रान्सप्लांटसाठी जुळावी लागणारी पेशींची ओळख) दादाशी पूर्ण जुळलंय. दादा म्हणतो तुझ्या हाडाला सुई नको लावायला. त्याला सांगितलं, आता बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शनं घेऊन मशीनवर हातातूनच पेशी काढतात. तरी त्याचं मन तयार नाही. पुढच्या पेटनंतर ठरेल.

त्याचा डावा पाय अजून थोडा बधिर आहे. चप्पल सोडून पट्ट्याची सँडल घालतो.

सूक्ष्मदर्शी

दोन मतं पडणं हे इथे अज्ञानाचं लक्षण नाही. असे रुग्ण इतके विखुरलेले असतात की ठाम उत्तर देणारी मोठी चाचणी करणंच कठीण. तुम्ही दोन्ही डॉक्टरांना एक प्रश्न विचारा : रक्तातली ८-२१ ची मॉलिक्युलर चाचणी किती खाली आली? आणि लक्षात ठेवा, गाठीच्या आजारात रक्ताची चाचणी साफ आली तरी पेटची जागा ती घेऊ शकत नाही. दोन्ही लागतात.

कृष्णाथडी

मी सांगली भागातून. हा धागा काल रात्री सापडला. माझ्या वडिलांना (६१) पाठीवर आणि दंडावर पाच-सहा जांभळ्या गाठी आल्यात, दुखत नाहीत. एक काढून तपासली. रिपोर्टमध्ये 'हाय ग्रेड लिम्फोमा, संशयित' लिहिलंय. खाली बारीक अक्षरात : सीडी २० निगेटिव्ह, सीडी ३ निगेटिव्ह, सीडी ४३ पॉझिटिव्ह. रक्त नॉर्मल. सोमवारी केमो सुरू करायची म्हणतात. काय करू?

सूक्ष्मदर्शी

इथून मी निदान करू शकत नाही आणि करू नये. पण हे तीन मार्कर वाचून मी स्वतः मायलोपेरॉक्सिडेज, सीडी ६८, लायसोझाइम आणि सीडी ५६ बघितल्याशिवाय सही केली नसती. उद्या सकाळी लॅबमध्ये जा आणि पॅराफिन ब्लॉक मागा, नुसत्या स्लाइड नकोत. ब्लॉक असला तरच नवे रंग लावता येतात. अर्जावर रुग्णाचं नाव, बायॉप्सी क्रमांक, 'दुसऱ्या मतासाठी' एवढं पुरे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मार्करबद्दल शंका आहे. चांगला डॉक्टर चिडत नाही. मॅरो तपासणी आणि स्मिअरसुद्धा करून घ्यायला सांगा.

कृष्णाथडी

ब्लॉक मिळाला. लॅबवाले आधी नुसत्या स्लाइड देत होते, मी धागा दाखवला तेव्हा आतून काढून आणला. डॉक्टरही सोमवार पुढे ढकलायला तयार झाले. आज रात्रीच्या गाडीने मुंबईला निघतोय, वडील सोबत आहेत.

गोदाकाठ

ब्लॉक खिशात किंवा उन्हात ठेवू नका, मेण असतं ते. डबीत ठेवा. पहिला रिपोर्ट मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स घ्या. ओपीडीचा नंबर लवकर लागावा म्हणून सात वाजता रांगेत उभे राहा. वडिलांना खायला घरचं काहीतरी बांधून घ्या, दिवस जातो तिथे. पोचलात की इथे कळवा.